आर्लिंग्टनच्या मैदानावर

डॅलस शहराच्या पश्चिमेस सुमारें वीस मैलांवर आर्लिंग्टन हें गांव लागतें. डॅलस काउबॉइज संघाचें प्रचंड क्रीडागृह येथेंच आहे. तें २००९ सालीं खुलें झालें. ऐंशी हजार माणसें त्यांत बसतात. अमेरिकन फुटबॉल हा नांवाचाच फुटबॉल. चेंडू बहुधा हातांत घेऊनच धांवावयाचा. त्या खेळाचे नियम आम्हांस अखेरपर्यंत नीटसे उमगले नाहींत. आमचें कुतूहल होतें तें खेळापूर्वीं व मधून मधून नाचणाऱ्या चीअरलीडर मुलींविषयीं. आणि खरें सांगावयाचें तर मनांत थोडी अढीही होती.

वाद्यांचा एकच गजर झाला आणि निळी चोळी, ताऱ्यांचें पांढरें जाकीट, आंखूड विजार व पांढरे बूट अशा वेषांतील मुली मैदानाच्या मध्यभागीं आल्या. त्यांनीं खांद्याला खांदा भिडवून रांग धरिली व पाय डोक्याइतके उंच फेंकीत नाच चालविला. शेवटीं सर्वजणींनीं एकदम उडी घेतली, आणि एक पाय पुढें व एक मागें पसरून त्या थेट जमिनीवर उतरल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या अंगावर मात्र कांटा उभा राहिला. एवढा आघात खुब्याच्या सांध्यांनीं सोसावयाचा आणि तोंडावरचें हसूं मात्र मावळूं द्यावयाचें नाहीं!

ही प्रथा मूळची मुलींची नव्हे. १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठाच्या एका सामन्यांत जॉनी कॅम्बेल नांवाच्या विद्यार्थ्यानें पुढें होऊन प्रेक्षकांकडून जयघोष करविला, तेथून ती सुरू झाली असें मानतात. स्त्रिया तींत आल्या त्या विसाव्या शतकांत. डॅलसच्या संघानें १९७२ सालीं शाळकरी मुलांच्या जागीं नृत्य शिकलेल्या तरुणी आणिल्या. त्यांचा वेष इतका गाजला कीं, २०१८ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत तो ठेवण्यांत आला.

वेषाचें असें कौतुक झालें. तो घालणारीची कथा निराळी. दिवसा कोणी रुग्णालयांत परिचारिका, कोणी शाळेंत शिक्षिका. काम आटोपलें कीं सायंकाळीं तालीम. निवडीची परीक्षा दरवर्षीं नव्यानें द्यावी लागते. जुनी म्हणून कोणासही सूट नाहीं. २०१८ सालीं येथील एका माजी नर्तकीनें संघाविरुद्ध फिर्याद केली. आपणांस ताशीं ८ डॉलर मिळत, आणि संघाचें सोंग घेऊन नाचणाऱ्यास मात्र वर्षास सुमारें ६५,००० डॉलर, असें तिचें म्हणणें होतें. पुढल्या वर्षीं तडजोड झाली व दर १२ डॉलरांवर गेला. कॅलिफोर्नियांत तर या मुलींस रीतसर नोकरवर्गांत गणावें यासाठीं २०१५ सालीं कायदाच करावा लागला. २०२५ सालीं डॅलसच्या मुलींच्या वेतनांत सुमारें ४०० टक्के वाढ झाल्याचें प्रसिद्ध झालें. तीही त्यांनीं एकजुटीनें मागणी लावून धरिली तेव्हां.

हें सारें आठवतां आमची अढी आम्हांसच बोंचूं लागली. २००८ सालीं आयपीएलच्या सामन्यांत अशा नर्तकी आल्या, तेव्हां आपल्याकडे त्यांच्या वस्त्रांची चर्चा घरोघर झाली. त्यांस मिळतें काय, हें मात्र आमच्या घरांत तरी कोणी विचारिलें नाहीं.

परततांना जिन्यापाशीं एक आठ-दहा वर्षांची मुलगी आईचा हात धरून तसाच पाय उंच फेंकीत होती. माउली कौतुकानें हंसत होती. आम्हीही हंसलों, परंतु या मुलीचे पाय मैदानावर नाचूं लागतील, तेव्हां टाळ्यांबरोबर त्यांचें मोलही तिच्या पदरीं पडो, एवढी इच्छा मनांत आल्यावांचून राहिली नाहीं.