नववीचा वर्ग आणि मेणवलीचा घाट

सासर वाईचं असूनही मेणवली मी नीट पाहिली ती लग्नानंतर तेरा वर्षांनी, आणि तीही दहावीच्या अडतीस मुलामुलींच्या मागून धावत! एरवी पाहुणे आले की त्यांना घाट दाखवायचा आणि ते फोटो काढत असताना त्यांच्या पिशव्या सांभाळत उभं राहायचं, एवढंच आपल्या वाट्याला येतं. तुमच्याही गावात असं एखादं ठिकाण असेलच.

गोष्ट 2022 च्या फेब्रुवारीतली. इथल्या एका शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे तर नाहीतच. त्या वर्षी सहल काढायची नाही असं शाळेनं ठरवलं होतं. कोरोनामुळे जानेवारीत पुन्हा दारं लावावी लागली होती आणि 15 मार्चला बोर्डाची परीक्षा. मुलं हिरमुसली. शेवटी मोठ्या बाईंनी तोड काढली, "सहल नको, चालत जाऊन परिसर पाहून या." मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. एस.टी. नको नि वर्गणीही नको. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मेणवलीत काय पाहायचंय? रोज तर जातो तिकडून!" पुरुषांचं हे असंच.

आदल्या रात्री मी नि सासूबाईंनी दशम्या केल्या. (बरं का, प्रवासाला दशमी करताना पीठ दुधातच मळा, पाण्याचा थेंबसुद्धा नको, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यावी. दही देऊ नये, उन्हात आंबतं.)

सकाळी आठला गणपती आळीच्या घाटावर जमलो. आमचा ढोल्या गणपती बहुतेकींनी चित्रांत पाहिला असेल. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलं. सगळे दर्शन घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडतात, मागे कुणी जात नाही. मी मुलांना मागे नेलं. मागची भिंत माशाच्या आकाराची, नदीकडे टोक काढलेली आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो, दोन्ही अंगांनी वाहून जातो आणि देवळावर थेट मार बसत नाही. एक पोरगा भिंतीला हात लावून म्हणाला, "बाई, आपल्या वर्गालाही असली भिंत पाहिजे होती."

सगळे हसले. मग मात्र जरा गप्प झाले.

या मुलांनी 2016 च्या जूनमध्ये पाचवीत पाऊल टाकलं. आठवीची वार्षिक परीक्षा 2020 च्या मार्च-एप्रिलात व्हायची ती झालीच नाही, सगळे वर गेले. नववी बहुतेक फोनवर. मध्ये थोडे दिवस शाळा उघडली नि पुन्हा मिटली. नववीतूनही परीक्षेविना वर. त्यांच्या पुढच्या तुकडीची तर 2021 ची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, त्यामुळे फेब्रुवारी उजाडला तरी निम्म्या मुलांना वाटत होतं, आपलीही होणार नाही. एक मुलगी म्हणाली, "आम्ही आठवीतून एकदम दहावीत आलो, बाई." मराठीच्या निबंधात असं वाक्य लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

रस्ताभर आठवणी निघत होत्या, पण सगळ्या सातवीपर्यंतच्या. कृष्णाबाईच्या उत्सवात पंगतीला बसण्यासाठी शेवटचा तास कसा बुडवला, त्या! आमच्या वाईत सात घाट. दर घाटाचा उत्सव आपापल्या पाळीनं होतो आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर येतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला असं जुनी माणसं सांगतात. खानाला मारलं 1659 त, पण मुलांची उत्तरपत्रिका आजही त्या पंगतीपायी कोरी राहते!

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. सहा चौकांचा. आत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. वाड्याच्या मागून पायऱ्या उतरल्या की कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. 'स्वदेस' सिनेमा इथे झाला हे मी कौतुकानं सांगितलं, तर मुलं म्हणाली, "तो आमच्या जन्माआधीचा!" 2004 चा, खरंच की.

त्यांना आवडली ती घंटा. घाटावर दगडी बांधणीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर 1707 साल आहे. एकानं लगेच तोंडी हिशेब केला, "म्हणजे बत्तीस वर्षं वसईला काढली हिनं." दुसरा म्हणाला, "मग शाळा सोडल्याचा दाखला आणला होता का?"

दाखला म्हटल्यावर मला सकाळचं आठवलं. आठवलं कशाला, मनातून गेलंच नव्हतं.

गणपतीच्या देवळापासून थोड्या अंतरावर रसाची गाडी लागते. सकाळी तिथून जाताना आतून हाक आली, "ओ बाई!" पाहते तर आमच्याच वर्गातला मुलगा. पाचवी ते आठवी याच मुलांबरोबर दुसऱ्या बाकावर बसणारा. वडिलांची पाचगणीच्या हॉटेलातली नोकरी 2020 च्या उन्हाळ्यात गेली, घरात फोन एकच, तोही बंद. नववीच्या फोनवरच्या हजेरीत त्याच्या नावापुढे मी रोज फुली मारत होते. वर्षभर मारली. त्याचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. दारोदार हिंडू नका असा हुकूम होता हे खरं, पण भाजीला मी त्याच गल्लीतून जात होते. एकदाही डोकावले नाही. आपला तास घेतला, फुली मारली, आणि कुकर लावायला उठले.

त्यानं त्या दिवशी सगळ्यांना रस पाजला, पैसे घेतले नाहीत. मुलांनी "चल की मेणवलीला" म्हणून हात ओढला. "दुपारचं गिऱ्हाईक जाईल," म्हणाला. मोठ्या माणसासारखं.

घाटाच्या पायऱ्यांवर डबे उघडले तेव्हा त्याचाच विषय निघाला. तेव्हा धोमकडून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मला एकदा ओरडला होता. रात्री अकराला गृहपाठाचा फोटो पाठवला म्हणून." मला आठवेना. तिचे वडील टेंपो चालवतात. फोन त्यांच्याबरोबर फिरायचा आणि रात्री घरी यायचा. त्यानंतर ती उतरवून घ्यायची, लिहायची, फोटो काढायची. "तुम्ही लिहिलं होतंत, ही काय वेळ आहे?" ती रागानं नव्हती सांगत, गंमत म्हणून सांगत होती. वर्गातली मुलं हसलीही. दशमीचा घास मात्र माझ्या घशाखाली उतरेना. मी तिला "चुकलं गं माझं" म्हटलं, तर ती लाजून दुसरीकडेच पाहायला लागली.

चार वाजता शाळेत परतलो. आता घरी जातील म्हणून मी किल्ल्या शोधते आहे, तर मॉनिटर पुढे आला. "बाई, नववीच्या वर्गात थोडा वेळ बसू?" नववीची मुलं गेली होती. मी दार उघडून दिलं. अडतीस जण जाऊन बसले. कोण कुठे बसलं असतं यावर थोडी भांडणं झाली, मागच्या बाकावर सहा जण कोंबले. कुणी बाकावर नाव कोरलं असेल तर मी पाहिलं नाही. दुसऱ्या बाकावरची एक जागा त्यांनी सोडली होती. मी फळ्याकडे तोंड करून खडू हुडकत राहिले.

परीक्षा झाली ती आपल्याच शाळेत. अभ्यासक्रम पाव भागानं कमी केलेला, ऐंशी गुणांच्या पेपराला अर्धा तास जादा. तरी मुलं हात चोळत बाहेर यायची. दोन वर्षांत तीन-तीन तास सलग लिहायची सवयच गेली होती. धोमकडची पहिल्या वर्गात आली, आता नर्सिंगला आहे.

आणि रसवाला? निकालानंतर मी त्याच्या घरी गेले. दहाच मिनिटं लागली. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो हे त्याच्या आईला ठाऊकच नव्हतं. दाखला काढला, फॉर्म भरला, 2023 च्या मार्चमध्ये तो बसला. मराठीत चांगले गुण, बाकीचंही निघालं, गणित राहिलं. जुलैत पुन्हा बसला, पुन्हा राहिलं. मग दोन वर्षं त्यानं नावच काढलं नाही, आणि मीही फार टोचलं नाही.

मागच्या आठवड्यात घाटावर भेटला. रसाचे पैसे या वेळी मी हट्टानं दिले. सुटे परत करता करता म्हणाला, "बाई, दुपारी दोनला गिऱ्हाईक नसतं. बीजगणित घ्याल का?"

माझा विषय मराठी! बी.ए. झाल्याला पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि गणिताशी माझा संबंध दूधवाल्याच्या हिशेबापुरता. आता दहावीचं बीजगणिताचं पुस्तक स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांच्या फळीवर ठेवलंय. सकाळी पोळ्या झाल्या की दोन उदाहरणं मी आधी स्वतः सोडवून पाहते. काल एकाचं उत्तर पुस्तकाशी जुळेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुस्तकात चूक असेल." चूक माझीच होती, वजाचं चिन्ह राहिलं होतं.