राळे आणि मणी

आमच्या उल्हासनगरला भुतांची जरा टंचाईच आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे वसवलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ साली मिळालेलं नाव. एवढ्याशा वयाच्या गावाला पडकी विहीर, पिंपळावरचा मुंजा वगैरे आणायचा कुठून? कॅम्प ३ मध्ये हडळ आलीच, तर बिचारीला उभं राहायला जागा मिळायची नाही. त्यामुळे माझी भुतं सगळी पुस्तकातली. आधी धारप, मग मतकरी, आणि हल्ली लोकलमध्ये मोबाइलवर वॉल्टर स्कीट नावाच्या साहेबाचं 'मलाय मॅजिक' (सन १९००).

त्यात 'लांगसुइर' भेटली. बाळंतपणात मेलेली बाई मलायात लांगसुइर होते म्हणे. तसं होऊ नये म्हणून प्रेताच्या तोंडात काचेचे मणी, काखांत कोंबडीची अंडी आणि तळहातांत सुया. मण्यांमुळे तिला किंचाळता येत नाही, अंड्यांमुळे हात पसरून उडता येत नाही. (तिच्याच जातकुळीतली 'पोंतियानाक'. बोर्निओत विषुववृत्तावर त्या नावाचं अख्खं शहर आहे. आमचं आपलं उल्हासनगर!)

आजीला हे वाचून दाखवलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "आमच्यात राळे टाकायचे."

तिची थोरली बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली. तिरडीबरोबर वाटभर राळे टाकत नेले. परत यायचं तर तिने दाणा न् दाणा मोजायचा, आणि ते काही वेळेत पुरं होत नाही. म्हणजे आमच्या भाषेत, भुताला लूपमध्ये अडकवून ठेवायचं. एंथोवेनच्या कोकणावरच्या १९१५ च्या पुस्तकातही राळे आहेत. त्यातली माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून जमवली होती ए. एम. टी. जॅक्सननी. हो, तेच जॅक्सन, १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या ते.

समुद्राच्या दोन टोकांना इतकं सारखं सुचावं याची आधी गंमत वाटली. मग वाटेना. मणी काय, राळे काय, सगळा बंदोबस्त त्या बाईचाच. कळा देऊन देऊन मेलेली पोर, आणि तिनं ओरडू नये, घरी येऊ नये याची काळजी!

आजीकडे तर त्यानंतर बहिणीचं नावही कुणी घेतलं नाही. घेतलं की येते म्हणे. मी विचारलं, नाव काय होतं गं? आजीने आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं. मग ती नदीत कशी पोहायची, पुरातसुद्धा कशी पलीकडे जायची, हे सांगत बसली. जेवायची वेळ टळून गेली तरी.