अर्धी म्हण

कँटोनीज भाषेच्या वाटेस जाणाऱ्या परकीयास तिच्या सहा सुरांचे भय आधी दाखविले जाते. पण सूर सरावाने वश होतात, आणि खरी कसोटी लागते ती पुढे, हाँगकाँगच्या एखाद्या चहाघरात शेजारचा गृहस्थ म्हणीचा केवळ पूर्वार्ध उच्चारून निर्विकारपणे पेला तोंडास लावतो आणि मंडळी न उच्चारलेल्या उत्तरार्धास हसतात तेव्हा.

या जोडम्हणींचा शिरस्ताच असा, की देखावा बोलावा आणि अर्थ गिळावा. ‘छत्री धरलेला भिक्षू’ एवढेच म्हणतात. भिक्षूचे डोके मुंडित, म्हणून केस नाहीत. वर छत्री, म्हणून आकाश नाही. आणि केस व कायदा या दोहोंस ‘फात’ हा सुरासकट एकच ध्वनी असल्यामुळे, ज्याला ना कायद्याची तमा ना आभाळाची, असा मनुष्य श्रोत्यापुढे उभा राहतो. (मँडरिनमध्ये या दोन शब्दांचे सूर भिन्न पडतात आणि कोटी किंचित लंगडते.) १९७० साली माओने स्वतःविषयी हीच म्हण वापरली, तेव्हा चीनमध्ये अनेक वर्षे काढलेल्या एडगर स्नो या पत्रकाराने, गळकी छत्री घेऊन जगात भटकणारा एकाकी भिक्षू, असे तिचे रूप छापले. उद्दामपणाची कबुली, आणि वाचकांपुढे गेला तो वैराग्याचा दाखला!

काही वाक्प्रचार मात्र कोटीवाचूनच उलगडतात. एखाद्याचे ‘माकुल परतणे’ म्हणजे त्यास बडतर्फ करणे. पूर्वी नोकर दुकानातच निजत, काढून टाकले की वळकटी बांधून निघत; आणि कढईत आच लागताच माकुलाचा तुकडा नेमका तसाच वळतो, अशी त्याची उपपत्ती सांगतात. गाशा गुंडाळणाऱ्या मराठी माणसास याहून अधिक खुलाशाची गरज नाही.

समजणे निराळे आणि वापरणे निराळे. पूर्वार्ध टाकण्याचा हक्क सलगीने मिळतो. तोवर परकीयाने दुसऱ्याने टाकलेला पूर्वार्ध ओळखून योग्य क्षणी हसावे, हे माझ्या मते अधिक शोभते. म्हणून माझ्या वहीत म्हणीपुढे अर्थ थोडका आणि कैफियत फार असते: कोणी, कोणास, कशावरून ऐकविली. ‘ध्वजस्तंभास आग’ ही म्हण पाहा. जळून उरतो तो लांब कोळसा, आणि कोळसा व सुखोपभोग यांचा उच्चार एकच, म्हणून दीर्घकाळ आरामात लोळणे. पेन्शनीत निघालेल्या स्नेह्यास ती खुशाल ऐकवावी. कचेरीतल्या वरिष्ठास, तो रजेवर निघाला असला तरी, ऐकवू नये.