माईक वीतभर जवळ

लातूर, रविवार, रात्री

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, माझा आवाजच खराब आहे, म्हणून मोठा माईक हप्त्यावर घेतेय." तेव्हापासून अन्न गोड लागेना. सप्ताहात हरिपाठाला तू उभी राहिलीस की पारावरची म्हातारी माणसं बोलणं थांबवायची. त्या आवाजाला खराब म्हणतेस? पुन्हा म्हणू नकोस, माय.

अपूर्णांकांचा तुझा व्हिडिओ मी तीनदा ऐकला. त्यात तुझ्यापेक्षा खोलीच जास्त बोलते. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, आणि फोन पार कपाटाजवळ. तोंडापासून माईक एका वितीवरून दोन वितींवर नेला की थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो, चार वितींवर 12 डेसिबलने. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. तू हप्त्यावर घेतेयस तो टेबलावरचा कंडेन्सर माईक चार फुटांवर ठेवणार, कारण तो चित्रात दिसायला नको. मग तो घुमारा आणखी बारकाईने टिपेल. हप्ते मात्र तूच फेडशील.

मंडपात माझी तीस वर्षं गेली. अहुजाचा साधा माईक बुवांनी ओठांजवळ धरला की शेवटच्या रांगेला शब्द न शब्द कळे. हात खाली गेला की कीर्तन हरवे. 1932 साली प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला, तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. त्यातल्या दुर्गा खोटे, गोविंदराव टेंबे या नटांना चित्रण चालू असतानाच गावं लागे. म्हणून सांगतो, कॅमेरा लांब चालतो, माईक जवळच लागतो.

तुला हजाराच्या आसपासचा वायरचा कॉलरमाईक पुरे. बोयाचा बीवाय-एमवन घे, त्याची वायर 6 मीटर आहे. त्याच्या डबीवरचा खटका फोनच्या बाजूला ठेव. त्यातली बॅटरी फक्त कॅमेऱ्यासाठी लागते. तुझ्या फोनला गोल पिनेचं छिद्र नसेल तर टाइप-सीची जोडणी घ्यावी लागेल. स्वस्तातली कुठलीही उचलू नकोस, दुकानातच फोनला लावून आवाज भरून बघ. बिनतारी माईक घेऊन काय करणार? एका जागी बसून शिकवतेस, वर त्याचं चार्जिंग कोण सांभाळणार? माईक हनुवटीखाली वीतभर लाव. ओढणीवर मुळीच नको, ती घासली की खरखर येते. फोमची टोपी काढू नकोस, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतात.

आणि आजीच्या गोधड्या पेटीत कशाला ठेवल्यास? एक समोरच्या भिंतीला टांग, एक पाठीमागे चित्रात येणार नाही अशी, एक पायाखाली अंथर. पत्र्याखाली दोरीवर जाड चादर बांध. पाऊस आला की मात्र थांब, पत्र्याच्या आवाजावर कुठलाच माईक चालत नाही. घराजवळून जाणारी आदिलाबादकडची गाडी भोंगा देऊन जाईपर्यंतही थांब.

हे मी हट्टानं सांगतो, कारण तुझे व्हिडिओ ऐकणारी लेकरं तांड्यावरची, वाडीवरची. घरात फोन एकच, त्याचाही स्पीकर चिरका. छेद कुठला आणि अंश कुठला हे ऐकूच आलं नाही, तर पोरगं समजतं की गणित आपल्याला येत नाही. स्वतःलाच दोष देतं, तू परवा दिलास तसाच.

पंखा बंद करून रात्री दोनपर्यंत बसतेस, असं ताई सांगत होती. मे महिन्यात, पत्र्याखाली! तुझी मागची आजारपणाची दिवाळी मी विसरलेलो नाही. पहाटे पाचला भर, तेव्हा गार असतं आणि रस्ताही निजलेला असतो. दहा मिनिटं भरलं की पंखा लाव, पाणी पी. खोकला गेला का? ते तू सांगितलंच नाहीस.

हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस. आधी गोधड्या टांगून, फोनचीच इअरफोनची वायर हनुवटीखाली धरून दोन मिनिटं भर आणि मला पाठव. बुधवारपर्यंत वाट बघतो.

तुझा,
मामा