वाऱ्याची वेळ

कोकणातला वसंत पंचांगात सापडतो तितका डोळ्यांना सापडत नाही. हिवाळ्यात इथली सगळीच झाडे उघडीबोडकी होत नाहीत, त्यामुळे नव्या पालवीचा तो मोठा सोहळाही नाही. नाही म्हणायला पांगारा पेटतो, काटेसावर लाल होते, काजूच्या बोंडांना रंग चढतो. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीसारख्या गावात माणसे भल्या पहाटे सुरंगीच्या झाडांवर चढतात, कारण कळी उमलायच्या आत खुडली तरच तिचा वळेसर होतो. एरवी फाल्गुन म्हणजे पहाटे पांघरूण ओढून घ्यावे असा गारवा, दुपारी बत्तीस-तेहतीस अंशांचे ऊन आणि त्या उन्हावर फुंकर घालायला समुद्रावरून येणारा वारा. चार दिवस राहायला आलेला पाहुणा ओटीवर पाय पसरून म्हणतो, "काय छान हवा आहे हो तुमच्याकडे!"

हवा छान असते, हे खरेच. पण ती छान हवा कोणत्या खिळ्यावर टांगलेली आहे, ते पाहुण्याला दिसत नाही. ज्याच्या दारात हापूसची कलमे आहेत, त्याला मात्र तो खिळा दिसतो. त्याचे नाव खारा वारा!

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत असेच एक घर आहे. घरात ऐंशीच्या पुढचे आबा आणि त्यांची सून. तिला सारी वाडी वहिनी म्हणते. वहिनींचे यजमान मुंबईत नोकरीला, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला कोल्हापुरात. साठ कलमांचा सगळा व्याप वहिनींच्या अंगावर. अर्धी कलमे घरामागे विहिरीच्या उताराला, अर्धी वर सड्यावर. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. आबांच्या तरुणपणी सुरुंग लावून त्यात खड्डे केले, खालून माती वाहून नेऊन भरली आणि कलमे लावली. परक्या माणसाला पटणार नाही, पण देवगडचा नावाजलेला आंबा बराचसा अशा दगडातूनच येतो.

आबांना आता बागेत फिरणे होत नाही. त्यांनी एक काम मात्र स्वतःकडे ठेवले आहे. ओटीवरच्या भिंतीला कॅलेंडर आहे, दूधवाल्याचा हिशेब लिहितात तसले. त्याच्या चौकोनात आबा रोज पेन्सिलीने एकच आकडा लिहितात. बारा. साडेअकरा. पाऊण. समोरच्या माडाच्या झावळ्या पश्चिमेकडून हलायला लागल्या, की घड्याळ बघायचे आणि लिहायचे. ही समुद्राचा वारा सुटण्याची वेळ. जुन्या वर्षांच्या कॅलेंडरांची भेंडोळी माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. नातीने एकदा विचारले, "आबा, हे कशाला?" आबा म्हणाले, "आंब्याचो ताप बघतंय."

हे म्हाताऱ्याचे खूळ नव्हे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तापलेली हवा वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड, दमट हवा आत येते. रात्री उलटे होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. शाळेच्या भूगोलात हा धडा सगळ्यांनीच वाचलेला असतो. पुस्तकात नसते ते पुढचे. मार्चमध्ये कधीकधी घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो. सह्याद्री उतरताना तो आणखी तापतो, दर शंभर मीटरला सुमारे एका अंशाने. हा वारा खाऱ्या वाऱ्याला दारातच अडवतो. अकरा-बाराला यायचे ते वारे दोनला येते, नाहीतर येतच नाही. मग तेहतीसवर थांबणारा पारा बघता बघता अडतीसवर जातो.

नागपूरच्या किंवा इंदूरच्या वाचकाला अडतीस अंशांचे काय कौतुक! तिथे मार्च संपताना ते घरचेच झालेले असते. पण म्हणूनच तर हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचे माप वेगवेगळे ठेवले आहे. मैदानी प्रदेशात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७. तेवढ्यावर भागत नाही, पारा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर असावा लागतो. फाल्गुनातले हे तापणे अगदी आजचे आहे असेही नाही. मुंबईत सांताक्रूझला मार्चमधला विक्रम ४१.७ अंशांचा, तो २८ मार्च १९५६ चा. आबा त्या वेळी पोरवयातले.

तर अशाच एका मार्चमधला, शिमग्याच्या तोंडावरचा हा आठवडा.

सोमवारी पहाटे दव इतके पडले, की कौलांवरून थेंब गळत होते. दहा वाजले तरी मळभ हटेना. मळभ म्हणजे आंबेवाल्याच्या पोटातला गोळा. ढगाळ, कोंदट हवेत तुडतुडे आणि फुलकिडे वाढतात, मोहोरावर भुरी धरते. सड्यावरच्या कलमांना त्या वर्षी मोहोर दोनदा आला होता. फेब्रुवारीत थंडी परतली आणि कणी धरलेल्या फांद्यांवर पुन्हा मोहोर फुटला. पाहणाऱ्याला वाटते, वा, काय बहर! पण नव्या मोहोराला अन्न पुरवताना झाड आधीची फळे टाकून देते. हापूसच्या एका तुऱ्यात फुले हजारांच्या हिशेबात असली, तरी त्यांतली फळ धरणारी थोडी, आणि शेवटी हाताला लागते एखादे-दुसरे. कणी, वाटाणा, गोटी, सुपारी, अंडे. एवढ्या पायऱ्या चढून येणारे फळ प्रत्येक पायरीवर गळू शकते.

वहिनींनी मळभ पाहून फवारणीचा पंप काढला. दुपारी ऊन पडले, पंप पुन्हा पडवीत गेला. औषधाचा खर्च वाचला म्हणून त्यांना जरा बरे वाटले. कॅलेंडरवर त्या दिवशी बारा लिहिलेले आहेत.

मंगळवारी एक व्यापारी आला. बाग कराराने मागत होता. म्हणजे झाडावर असेल तो माल त्याचा. राखण, तोडणी, पेट्या, वाशीच्या बाजारापर्यंतची वाहतूक, सगळे त्याचे. मालकाने एकरकमी पैसे घेऊन मोकळे व्हायचे. रक्कम वाईट नव्हती. मुलीच्या कॉलेजची फी त्या महिनाअखेरीला भरायची होती आणि तेवढे त्यातून सुटत होते. स्वतः आंबा विकला तर दुपटीच्या आसपास मिळाले असते. पण मिळाले असते तर! व्यापाऱ्याला चहा देऊन वहिनी ओटीवर आल्या.

"आबानू, काय सांगूया तेका?"

आबांनी लगेच उत्तर दिले नाही. पश्चिमेला बघत बसले. मग म्हणाले, "दोन दीस थांब गो. वारो बघूया."

वहिनी थांबल्या. मुलीच्या फीचा विचार त्यांच्या मनात नसेल असे कोण म्हणेल? पण सासऱ्यांचा शब्द मोडण्यापेक्षा, त्यांना स्वतःलाच बाग सोडवत नव्हती. डिसेंबरपासून एकेका कलमाखाली उभे राहून त्यांनी मोहोर मोजला होता.

बुधवारी उजाडतानाच हवा वेगळी होती. दव नाही. वाळत घातलेले कपडे नवाच्या आत कडकडीत. समुद्र असा स्पष्ट दिसत होता, की क्षितिजावरची होडी बोटाने दाखवावी. परक्याला हा दिवस सगळ्यांत सुंदर वाटला असता. आबा मात्र पुनःपुन्हा माडाकडे बघत होते. अकरा झाले, बारा झाले. झावळ्या हलत होत्या, पण समुद्राच्या दिशेने. एक वाजता ते म्हणाले, "आज वाऱ्याक उशीर झालो." वारा सुटला अडीचला, तोही नावाला.

गुरुवारी तर चौकोनात आकडाच नाही. नुसती आडवी रेघ.

वादळाने आंबा पडतो तेव्हा आवाज होतो, फांद्या मोडतात, पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा ते सगळे झाले. उन्हाने आंबा पडतो तो मुकाट्याने. गुरुवारी दुपारी सड्यावर पानही हलत नव्हते आणि देठ सोडलेली फळे टप्... टप्... कातळावर पडत होती. जी झाडावर होती त्यांच्या पश्चिमेकडच्या गालावर तपकिरी डाग उमटू लागले. कातळाची धग खालून वर येते, त्या धगीने आतला गरही बिघडतो. साका म्हणतात तो हाच. वरून फळ देखणे, आत पांढरट, पोकळ. गिऱ्हाईकाने कापल्यावर कळते आणि पुढच्या वर्षी तो या घराचा आंबा घेत नाही.

हापूसला हवामानावर आधारित विमा आहे, वहिनींनी तो उतरवलाही होता. पण तो पडलेल्या फळांकडे बघत नाही, तापमापकाकडे बघतो. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रात पारा ठरलेल्या आकड्यापुढे सलग ठरलेले दिवस गेला, तरच भरपाई. केंद्र कित्येक किलोमीटर लांब, झाडांच्या सावलीत. कलमे उघड्या कातळावर. दोघांचा ताप एक कसा असेल? हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक आंबेवाल्याने कधी ना कधी विचारलेला आहे.

दापोलीचे कृषी विद्यापीठ सांगते, की अशा वेळी कलमांना पंधरा दिवसांनी दीडशे-दोनशे लिटर पाणी द्यावे, बुंध्याशी गवताचे आच्छादन करावे, अंड्याएवढ्या फळांना कागदी पिशव्या घालाव्यात. सल्ला बरोबर आहे. पण तीस कलमांना दोनशे लिटरप्रमाणे सहा हजार लिटर होतात. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात फाल्गुनात विहिरीचा तळ दिसतो, ही कोकणची जुनी गंमत. गुरुवारी संध्याकाळी वहिनींनी टँकर मागवला. तो आला शुक्रवारी दुपारी, आणि सड्यावरच्या कलमांना पाणी द्यायला रात्रीचे दहा झाले. राखणीला असलेले नेपाळी जोडपे बॅटरी धरून बरोबर होते. आबा ओटीवर जागे. घरामागच्या कलमांची काळजी नव्हती. तिथे माती खोल आहे, माडांची सावली आहे, ओल टिकते.

शनिवारी सकाळी व्यापारी पुन्हा आला. त्याने येता येता सडा पाहिला होता. रक्कम एक तृतीयांशाने उतरली. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, त्यालाही बाजारात तोंड द्यायचे होते. या वेळी वहिनींनी ओटीकडे पाहिले नाही. त्या म्हणाल्या, "सड्यावरली अर्धी बाग घ्या. घरामागली देणार नाही. आणि आगाऊ पैसे आज." व्यापाऱ्याने घासाघीस केली, चहा झाला, पुन्हा घासाघीस झाली, आणि ठरले. आबांनी ऐकले, पण मध्ये बोलले नाहीत. व्यापारी गेल्यावर इतकेच म्हणाले, "बरा केलंस."

त्या दिवशी वारा सव्वाबाराला सुटला. भरतीच्या पाण्यासारखा आला आणि घरात पडदे हलले. अंगणात झोपलेले कुत्रे उठून आत आले. पारा किती उतरला ते कुणी पाहिले नाही, पण चार दिवस बंद असलेले बोलणे वाडीत पुन्हा सुरू झाले.

रविवारी रात्री होळी. मुंबईकर मंडळी आली, वहिनींचे यजमानही आले. गावकऱ्याने देवाला गाऱ्हाणे घातले. मुलाबाळांना, गुराढोरांना, मुंबईत असलेल्यांना सांभाळ, आंबा-काजूला बरकत दे, आणि प्रत्येक मागण्यामागे साऱ्यांनी एकसुरात "व्हय म्हाराजा!" म्हटले. आंब्याच्या मागणीला तो आवाज जरा मोठा झाला, असे मागाहून वहिनींचे यजमान सांगत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी वाडीतल्या चार बायकांना बोलावून सड्यावर पडलेला आंबा टोपल्यांनी खाली आणवला. तो करारात नव्हता. डागाळलेला भाग काढून बाकीच्याच्या फोडी केल्या, मीठ लावले आणि चटयांवर उन्हात पसरल्या. चार-पाच दिवसांत आंबोशी तयार होते. वर्षभर माशांच्या कालवणाला पुरते आणि उरलेली बाजारात विकली जाते. दुपारी फीचा पहिला हप्ता भरल्याचा मुलीचा फोन आला. तिने विचारले, "आबांना वारा किती वाजता मिळाला आज?"

वहिनींचे हात मिठाचे होते. त्यांनी ओटीवर वाकून कॅलेंडर पाहिले आणि सांगितले, "पावणेबारा."