फोन रूट करण्याआधी घरात विचारा

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला मोबाईलची एक गोष्ट कायम खटकते, ती म्हणजे अक्षर. आपल्या डोळ्यांना सवय नस्तालीकची, उजवीकडून डावीकडे जाताना हलकेच खाली उतरणाऱ्या वळणाची. बहुतेक फोनांवर उर्दू दिसते ती नस्ख वळणात, एका सरळ रेषेवर बसलेली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक आलं आणि कातिबाच्या हातचं वळण छपाईच्या यंत्रावर उतरलं. इतक्या वर्षांनंतरही खिशातल्या फोनवर तेच वळण हवं असेल तर खटपट करावी लागते. पुस्तकात एक वळण आणि फोनवर दुसरं, त्यामुळे नुकतं वाचायला लागलेलं मूल अडखळतं.

माझ्या भाच्याकडे यावर उपाय होता. "मामू, फोन माझ्याकडे द्या. रूट करतो, फॉन्टची फाईल आत टाकतो, सगळीकडे नस्तालीक दिसेल." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बऱ्याच फोनांत रूट केल्याशिवाय आपल्या पसंतीचा फॉन्ट मूळ यंत्रणेत बसवता येत नाही. तरीही मी नको म्हणालो. का म्हणालो ते इथे लिहितोय, कारण खामगाव, मलकापूर, चिखलीकडची कितीतरी पोरं आज यूट्यूबवर बघून हा उद्योग करतात.

आधी रूट म्हणजे काय ते बघू. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली दिलेली असते. गेम बँकेच्या अ‍ॅपच्या खोलीत डोकावू शकत नाही. रूट म्हणजे सगळ्या खोल्या उघडणारी किल्ली. ती किल्ली मिळाली की फॉन्ट बदलता येतो, कंपनीने लादलेली अ‍ॅप्स काढता येतात. पण ज्या अ‍ॅपला आपण ती किल्ली दिली, किंवा ज्याने ती चोरून मिळवली, त्यालाही सगळ्या खोल्या उघड्या होतात. २०१६ मध्ये 'गुलिगन' नावाचा व्हायरस पसरला होता. तो जुन्या अँड्रॉइड फोनांना मालकाच्या नकळत रूट करायचा. त्याने दहा लाखांहून अधिक गूगल खाती धोक्यात आणली. हल्लेखोर ज्या किल्लीसाठी एवढी धडपड करतो, ती आपण कुठल्यातरी अनोळखी साईटवरच्या 'एका क्लिकमध्ये रूट' करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतो.

दुसरी गोष्ट बूटलोडरची. फोन सुरू होताना हा छोटा प्रोग्रॅम आधी चालतो आणि पुढचं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना, हे तपासतो. रूट करण्यासाठी बहुधा त्याचं कुलूप काढावं लागतं, आणि ते काढताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. काही बदल तर परत फिरवताच येत नाहीत. सॅमसंगच्या अनेक फोनांत 'नॉक्स'चा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. बाहेरचं सॉफ्टवेअर चढवलं की तो उडतो. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी फ्यूज उडालेलाच राहतो आणि 'सिक्युअर फोल्डर'सारख्या सोयी कायमच्या बंद होतात.

आता आमच्या गावाकडची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी पाच माणसांत एकच चांगला फोन. थोरल्या भावाने गेम झकास चालावा म्हणून तो रूट केला. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, दाखले यांचे काढून ठेवलेले फोटो गेले. ते पुन्हा काढता आले असते. खरी अडचण पुढे आली. वडिलांचं पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडेना. बँकांची अ‍ॅप्स फोन मूळ स्थितीत आहे का ते तपासतात. त्यासाठी गूगलची 'प्ले इंटिग्रिटी' ही सोय आहे. तपासणीत फोन नापास झाला की बरीचशी अ‍ॅप्स तिथेच थांबतात. सोयाबीनचे पैसे खात्यात होते, दुकानदाराला द्यायचे होते, आणि त्यासाठी बापाला एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या बँकेत रांग लावावी लागली. पोराने नंतर 'रूट लपवायचा' उपाय शोधला. तो काही दिवस चालला, मग अ‍ॅप अपडेट झालं आणि पुन्हा तेच.

पैशांचा प्रश्न इथे संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बाहेरच्या कुणी फसवणूक केली, त्यात बँकेचाही दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही, आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर तोटा येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचाच. फोनची सगळी कुलपं स्वतः काढून ठेवलेल्या माणसाने 'माझा काही दोष नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

कंपन्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. चांगला चालणारा फोन, पण दोन-तीन वर्षांत त्याचे अपडेट बंद होतात, आणि गरिबाने नवा कुठून आणायचा? सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरात बंद पडल्यावर तिच्याच पायावर लिनिएजओएस उभी राहिली. अशा मोफत यंत्रणांनी कितीतरी जुने फोन पुन्हा कामाला लावले आहेत. यात चोरी नाही आणि पाप तर मुळीच नाही. पोरं यातून शिकतातही.

म्हणून भाच्याला मी कपाटातला जुना फोन दिला. सिम काढलेला, बँकेचं अ‍ॅप नसलेला, फोटो आधीच दुसरीकडे काढून ठेवलेला. बिघडला तर बिघडला. माझ्या रोजच्या फोनमध्ये पालकांनी विश्वासाने पाठवलेले आधारचे आणि पासबुकांचे फोटो येतात, मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद असतात. ती लोकांची अमानत आहे. तिच्यावर प्रयोग करायचा हक्क मला नाही, मग फोनचं बिल माझ्या नावावर का असेना.

नस्तालीकचं काय? वर्गासाठीचे धडे मी संगणकावर नस्तालीकमध्ये टाईप करतो आणि पीडीएफ करून पालकांच्या ग्रुपवर टाकतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो, त्यामुळे साध्यातल्या साध्या फोनवरही वळण जसंच्या तसं दिसतं. मेसेज अजून नस्खमध्येच येतात. ते मी तसेच वाचतो.