डॅम्पर लावू का?

स्टिअरिंग डॅम्पर ही वस्तू दिसायला मोठी देखणी असते. सोनेरी नळी, चकचकीत दांडा आणि टोकाला कटकट आवाज करत फिरणारं एक छोटंसं बटण. ती लावली की साडेतीनशे सीसीची साधी गाडीसुद्धा उगाच रेसला निघाल्यासारखी वाटायला लागते. त्यामुळे "डॅम्पर लावू का रे?" असं कुणी विचारलं की त्यात सुरक्षितता किती आणि नटणं किती, हे आधी वेगळं करावं लागतं.

आमच्या टीममधल्या एका मित्राने गेल्या महिन्यात हेच विचारलं, तेव्हा मात्र त्यात नटण्याचा भाग शून्य होता. गडी चक्क घाबरलेला होता.

झालं होतं असं. नवरा-बायको दोघं गाडीवर पुण्याहून कोल्हापूरला निघाले. मागे टॉप बॉक्स, तोही गच्च भरलेला. साताऱ्याच्या अलीकडे एका उतारावर, ७०-७५ च्या वेगात, ह्याने थ्रॉटल सोडला आणि हँडल डुगडुगायला लागलं. आधी बारीक, मग चांगलंच. त्याने घट्ट धरलं तर आणखी वाढलं. तीन-चार सेकंदांत वेग उतरला आणि सगळं आपोआप शांत झालं. पण मागे बसलेल्या माणसाला ते तीन-चार सेकंद किती लांब वाटतात, ते मागे बसलेल्या माणसालाच ठाऊक. परतीचा प्रवास वहिनींनी एसटीने केला. डिसेंबरात दोघांचा गोव्याचा बेत होता, तो बारगळायच्या बेतात होता. आणि साहेबांच्या ब्राउझरमध्ये डॅम्परची सतरा पानं उघडी.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. पुढे वाचाल तर कळेल की त्याची गरजही नाही.

आता हँडल मुळात डुगडुगतं का?

मॉलमधली ट्रॉली आठवा. तिचं पुढचं चाक ज्या खिळीवर फिरतं, त्या खिळीच्या थोडं मागे ते जमिनीला टेकतं. म्हणून ट्रॉली ढकलली की चाक आपोआप सरळ होतं. मोटरसायकलचंही तसंच. हँडल ज्या आसाभोवती फिरतं तो आस तिरका असतो. तो तसाच खाली वाढवला तर टायर टेकतो त्या जागेच्या थोडं पुढे जमिनीला लागतो. ह्या अंतराला ट्रेल म्हणतात. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो साधारण ९० ते ११० मिलिमीटर असतो. ह्याच्या जिवावर गाडी सरळ चालते. आपण चालवतो म्हणून चालते, हा आपला गोड गैरसमज.

पण हीच ट्रॉली जरा जोरात पळवा. एखादं चाक फडफडायला लागतं. म्हणजे सरळ करणारं बल चाकाला मध्यावर आणतं, पण तिथे थांबवत नाही. चाक पलीकडे जातं, तिथून परत येतं. त्यात टायरची एक खोड आहे. चाक वळलं की बाजूचं बल लगेच तयार होत नाही, टायर थोडा पुढे लोळावा लागतो, रबर ताणलं जावं लागतं. म्हणजे बल उशिरा येतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका वाढतो ना, तसा हा उशिरा आलेला धक्का झोका वाढवतो. रॉबिन शार्प ह्या ब्रिटिश इंजिनिअरने १९७१ साली मोटरसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं, त्यात टायरचा हा उशीर धरल्याशिवाय डुगडुगीचं गणित नीट बसत नाही हे दाखवून दिलं होतं.

ह्या डुगडुगीला इंग्रजीत वॉबल म्हणतात. सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा हँडल डावीकडे-उजवीकडे जातं. आठ धरू. म्हणजे एक हेलकावा सव्वाशे मिलिसेकंदांचा. आणि आपली प्रतिक्रिया? चांगल्या तयारीच्या माणसाची पाव सेकंद. थोडक्यात काय, तुम्ही "आता उजवीकडे दाबतो" असं ठरवून दाबेपर्यंत हँडल दोनदा जाऊन आलेलं असतं! तुम्ही दिलेला धक्का बरोबर दिशेला लागेल की चुकीच्या, हा निव्वळ जुगार. म्हणून अशा वेळी हँडलशी कुस्ती करायची नाही. पकड सैल, अंग थोडं पुढे, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, थ्रॉटल हळूहळू कमी करायचा, आणि ब्रेक करकचून अजिबात दाबायचा नाही.

आता डॅम्पर. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर जो डोअर क्लोजर असतो, त्याचाच हा चुलतभाऊ. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोक. हळू ढकललं तर तेल भोकातून निवांत जातं आणि दट्ट्या सहज सरकतो. जोरात ढकललं तर तेल म्हणतं, रांगेत या. म्हणजे सावकाश वळताना हात फारसा जड होत नाही, पण सेकंदाला आठ वेळा हलायचं म्हटलं की तो आडवा येतो. कल्पना झकास आहे आणि कामही करते.

आणि काही गाड्यांना तो हवाच. १९९७ साली सुझुकीची टीएल१०००एस आली. हँडल झटके मारतं अशा तक्रारी झाल्या, आणि ब्रिटनमध्ये कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना डॅम्पर बसवून दिला. होंडाने २००४ च्या सीबीआर१०००आरआरवर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला. तो वेग आणि ॲक्सिलरेशन बघून आपला जोर बदलतो. कावासाकीच्या झेडएक्स-१०आरवर ओहलिन्सचा असतो. ह्या सगळ्या गाड्यांची जात एक: भरपूर ताकद, चपळ वळावं म्हणून उभं स्टिअरिंग, आणि जोरात पळवलं की पुढचं चाक हलकं होणार किंवा उचलणारच. उचललेलं चाक किंचित तिरकं खाली टेकलं की हँडल दोन्ही बाजूंना थडाथड आपटतं. तिथे डॅम्पर ही चैन नाही. वाळवंटातल्या रॅलीच्या गाड्यांवरही तो असतो, कारण दगडाचा तडाखा थेट मनगटात येतो.

आता आपण. एक्स्प्रेसवेवर आपल्याला घेतच नाहीत. चौपदरी हायवेवर मोटरसायकलची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर, केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे. कंपनीने ही गाडी डॅम्परशिवाय विकली, आणि नवी असताना ती ७५ ला डुगडुगत नव्हती. मग आज का डुगडुगते? माझ्या मते खरा प्रश्न हा. गाडी तीच, रस्ता तोच, म्हणजे मध्ये काहीतरी बदललंय. काय बदललंय ते न शोधता डॅम्पर बसवणं म्हणजे कोड क्रॅश होतोय म्हणून सगळा ट्राय-कॅचमध्ये गुंडाळायचा आणि कॅच रिकामा ठेवायचा. डेमो छान होतो. प्रॉडक्शनला गेल्यावर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

त्याच्या बायकोने हेच दोन वाक्यांत विचारलं होतं. "तो बसवला, आणि मग परत हललं तर? तेव्हा काय करायचं?" ह्यावर साहेबांकडे उत्तर नव्हतं. सतरा पानांतही नव्हतं.

मग एका शनिवारी आम्ही रीतसर डीबगिंगला बसलो. आमच्या मेकॅनिक काकांचा नियम वेगळा आहे, ते एका दमात सगळं बदलतात. त्यांना म्हटलं, काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चक्कर. ते म्हणाले, "पेट्रोल तुमचं, साहेब."

आधी बग परत घडवून आणला. बॉक्समध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या, पहाटे मोकळ्या रस्त्यावर मित्र एकटा गेला, हात हँडलवर पण सैल. ७० वरून थ्रॉटल सोडला की ६५ च्या आसपास डुगडुग हजर. (हात पूर्ण सोडून बघायचा उद्योग कुणी करू नका.) मग बॉक्स रिकामा केला, बाकी काही नाही. डुगडुग निम्म्यावर. टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे लटकतो, त्यामुळे तो नुसतं मागे वजन टाकत नाही, पुढच्या चाकावरचं वजन उचलतोही. म्हणून तर उत्पादक बॉक्सला वजनाची आणि वेगाची मर्यादा लिहून देतात. ते स्टिकर आपण पहिल्या दिवशी सोलून टाकतो, ती गोष्ट निराळी.

मागच्या टायरमध्ये हवा पुस्तकातल्यापेक्षा ७ पीएसआय कमी निघाली. भरली. थोडा फरक.

मग काकांनी इंजिनखाली ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी केलं. फोर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे हलवलं तर खट्, खट्. मग एका बोटाने हँडल सावकाश फिरवलं, आणि मला म्हणाले, "आता तुम्ही फिरवा." बरोबर मधोमध ते अडकत होतं, जणू खोबणीत बसत होतं. "कोनसेट गेलाय." उघडल्यावर दिसलं ते असं: बेअरिंगच्या वाट्यांवर गोळ्यांचे खळगे पडलेले. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, खड्ड्यांचे दणकेही सरळ जातानाच बसतात, म्हणून खळगे नेमके मध्यावर. आपल्या रस्त्यांचा हा हस्तलिखित इतिहासच म्हणायचा.

नवा कोनसेट बसला. डुगडुग जवळजवळ गेली. पुढच्या टायरची नक्षी एकाआड एक झिजून लाटा झाल्या होत्या, तो बदलला. संपलं. मग बॉक्समध्ये कंपनीने सांगितलंय तेवढंच वजन ठेवून परत चक्कर मारली. काही नाही. एवढ्या सगळ्याचा खर्च एका नावाजलेल्या डॅम्परपेक्षा बराच कमी झाला.

इथे एक फुकटचा डॅम्परही सांगून ठेवतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी मिळतो. हँडल हलतंय म्हटलं की कोनसेटचा नट करकचून आवळून देतात. डुगडुग थांबते, गिऱ्हाईक खूश. पण आता हँडल जड झालंय, आणि सरळ चालायला गाडी ज्या बारीक-बारीक दुरुस्त्या स्वतः करते त्या तिला करता येत नाहीत. ती हळूहळू इकडून तिकडे झुलायला लागते. शिवाय बेअरिंग लवकर मरतं ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल, सगळं दुरुस्त झाल्यावर वरून डॅम्पर लावला तर बिघडलं काय? सीटबेल्टसारखा, असलेला बरा. मला हे पटत नाही. सीटबेल्ट तुमच्या गाडी चालवण्यात ढवळाढवळ करत नाही. डॅम्पर प्रत्येक वळणावर करतो. लक्ष्मी रोडच्या गर्दीत दहाच्या वेगात तोल सांभाळताना हँडल सतत इकडे-तिकडे हलत असतं. जास्त आवळलेला डॅम्पर नेमकं तेच अडवतो. दुसरं, शार्पच्याच गणितातून निघालेली गोष्ट: डॅम्पर वॉबल दाबतो, पण सगळी गाडीच सापासारखी झुलते तो जो दुसरा, सावकाश हेलकावा असतो, तो मोठ्या वेगात बिघडवू शकतो. तिसरं, कंपनीने जागा दिलेली नाही तिथे क्लॅम्प लावून बसवलेला डॅम्पर पूर्ण वळणावर कुठे अडकला तर? डुगडुगणारं हँडल परवडलं, अडकलेलं नाही परवडत. चौथं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्या गाडीवर सुरुवातीपासून डॅम्पर असता, तर फुटायच्या वाटेवरचा कोनसेट आणि लाटा झालेला टायर कितीतरी हजार किलोमीटर गप्प बसले असते. आणि मग बोलले असते ते बहुधा ह्याहून वाईट जागी.

तर माझं उत्तर असं. गाडी लिटरच्या आसपासची, ताकदीची असेल, ट्रॅकवर नेत असाल, किंवा दगड-वाळूत चालवत असाल, तर डॅम्पर जरूर घ्या, त्या गाडीसाठीच बनवलेल्या ब्रॅकेटसकट. कंपनीने दिलेला असेल तर तो काढू नका, आणि त्यातून तेल गळतंय का ते बघत चला. बाकी आपण सगळे, शंभर ते चारशे सीसीवाले, ऑफिस आणि वीकेंडवाले: आधी सामान, मग हवा, मग टायर, मग कोनसेट, मग चाकांची आणि स्विंगआर्मची बेअरिंगं. ह्या क्रमाने, एका वेळी एक. हे सगळं करूनही हँडल हललं तर फोर्क आणि चासी सरळ आहे का ते तपासून घ्या. आणि त्यानंतरही डॅम्परच हवासा वाटला तर खुशाल घ्या. निदान तेव्हा तो नटायला घेतलाय एवढं तरी स्पष्ट असेल. त्यात गैर काहीच नाही, दिसतो छानच.

असो. शनिवार आहे. ठोकळा लावा, पुढचं चाक उचला आणि एका बोटाने हँडल फिरवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.